पैशाला पासरी

शालेय अर्थशास्त्राच्या एका पुस्तकाचं मराठी तपासायचं काम सध्या माझ्याकडे आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, वाक्यं सरळ करायची आणि जमल्यास सोपी करायची. सातव्या प्रकरणात हे वाक्य आलं : 'बाजारातील मागणीपेक्षा अधिक उत्पादन झाल्यास त्यास अतिउत्पादन असे म्हणतात. अतिउत्पादनामुळे किमती घसरतात व उत्पादकाचे नुकसान होते.' वाक्यात चूक अशी काही नव्हती. तरी लाल पेन त्यावर टेकलं, ते पुढे सरकेना.

आधी सवयीनं व्याकरणात शिरले. अति आणि उत्पादन, म्हणजे संधी करायचा तर 'अत्युत्पादन' व्हायला हवं. अति आणि उत्तम मिळून अत्युत्तम होतं, अति आणि अंत मिळून अत्यंत, अति आणि आचार मिळून अत्याचार. इथे मी थांबलेच. अत्याचार हा शब्द आयुष्यभर वाचला, लिहिला, पण त्याच्या पोटात 'अति' बसलेला आहे हे त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. आचार हद्दीबाहेर गेला की अत्याचार. अतिरेक, अतिक्रमण, अतिप्रसंग हे सगळे त्याच घराण्यातले. अतिशय, अत्युत्तम असे दोन-चार सभ्य नातेवाईक सोडले, तर 'अति' ज्या शब्दाला चिकटतो त्यातल्या करणाऱ्यावर ठपका ठेवूनच जातो. मग अतिउत्पादनात अति कोण वागलं? अर्थात, ज्यानं उत्पादन केलं तो.

भाषेचा प्रश्न असला की मी शब्दकोश उघडते, शेतीचा असला की तात्यांना फोन लावते. हा नक्की कुठला ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. शब्दकोशानं मला पुन्हा त्या वाक्याकडेच धाडलं. तात्यांनी तसं केलं नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. सत्तरी ओलांडली आहे. आमची शेती निफाड तालुक्यात. वडील गेल्यापासून दोघांच्या वाटणीचं रान तेच बघतात. मुख्य पीक कांदा, थोडी द्राक्षं, आणि भाव ऐकून मन वळलं तर टोमॅटो.

"तात्या, माल फार झाला आणि भाव पडला, तर आपल्याकडं त्याला काय म्हणतात?"

"काय म्हणायचं? वाटोळं म्हणतात."

"तसं नाही हो. एक शब्द हवाय. पुस्तकात अतिउत्पादन लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

मी फोड करून सांगितलं. पलीकडे जरा वेळ नुसता पंपाचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "अति झालं हे कोणी ठरवलं? मी तर दरसालचंच दीड एकर लावलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आम्ही म्हणतो, मालाला उठाव नाही."

उठाव. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि विसरूनही गेले होते. रेडिओवरच्या बाजारभावात, पेपरच्या आतल्या पानावर, लिलावातून परतलेल्या माणसांच्या तोंडी. आवक वाढली, उठाव कमी. इतिहासाच्या पुस्तकात उठाव म्हणजे बंड. बाजार समितीच्या आवारात उठाव म्हणजे माल उचलला जाणं. माल जमिनीवर आहे आणि कोणीतरी तो उचलायला हवा, एवढं साधं चित्र. उचलणारा आला नाही, तर दोष मालाचा नाही आणि पिकवणाऱ्याचाही नाही. 'अतिउत्पादन' म्हटलं की आपली नजर शेतकऱ्याकडे वळते. 'उठाव नाही' म्हटलं की खरेदीदाराकडे. आणि 'आवक वाढली' म्हटलं की कोणाकडेच नाही. जणू कांदे रात्रीतून आपल्या पायांनी चालत आले आणि सकाळी आवारात हारीनं उभे राहिले. घटना एकच. सरकारी निवेदनात बहुतेक तिसरा शब्द असतो, यात मला नवल वाटत नाही.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मनातल्या मनात शब्दांच्या दोन राशी घालत बसले. एका बाजूला कमी असण्याचे शब्द : टंचाई, तुटवडा, चणचण, वानवा, ददात, मारामार, ठणठणाट, खडखडाट, अवर्षण, दुष्काळ. प्रत्येकाची छटा निराळी. चणचण पैशाची असते, वानवा माणसांची, खडखडाट तिजोरीत आणि ठणठणाट डब्यात. दुसऱ्या बाजूला भरपूर असण्याचे शब्द : सुगी, सुकाळ, सुबत्ता, बरकत, रेलचेल, लयलूट, चंगळ, उदंड, मुबलक, अमाप, रग्गड, बक्कळ, आणि आमच्या बाजूचा 'मोप'. ही रास पहिलीपेक्षा मोठी निघाली. पण तिच्यातला एकही शब्द वाईट बातमी सांगत नाही. अमाप पीक आलं, असं कोणी रडत रडत म्हणत नाही. 'लयलूट' तेवढा संशयास्पद. त्यात लूट आहे, पण लुटणारे आपण असतो, म्हणून तोही आनंदाचाच.

शेकडो वर्षं पोटापुरतं पिकलं तरी देव पावला म्हणणाऱ्या मुलखाची ही भाषा. जास्त पिकणं हे संकट असू शकतं, याची तिला कधी कल्पनाच करावी लागली नसावी.

संस्कृतवाल्यांनी तर यादीच करून ठेवली आहे. शेतीवरच्या सहा संकटांना ते 'ईति' म्हणतात : अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि सहावं, फार जवळ येऊन बसलेले राजे. पाऊस जास्त झाला तर संकट, हे त्यांना ठाऊक होतं. दाणे टिपणारे पोपटसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. पण पीक जास्त झालं तर? यादीत नाही. सहाव्या ईतीकडे मात्र मी पुन्हा येणार आहे.

मराठी माणसानं पावसापुरती ही अडचण सोडवली. दुष्काळाला त्यानं सरळ 'ओला' लावला. ओला दुष्काळ हा मला मराठीतल्या सर्वांत हुशार शब्दांपैकी एक वाटतो. दोन विरुद्ध गोष्टी शेजारी बसवून एका शब्दात सांगितलं की पाणी असून नुकसान तेच. सरकारी नियमावलीत मात्र ही संज्ञा नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी झाली, तेव्हा हेच उत्तर मिळालं. सरकारदरबारी चालतो तो शब्द अतिवृष्टी, कारण त्याला माप आहे : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. पर्जन्यमापकानं आकडा दाखवला की पंचनामा, पंचनामा झाला की भरपाईची आशा. कमी पिकण्यालाही माप आहे. पूर्वी आणेवारी होती, आता पैसेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पन्नास पैशांच्या खाली गेली की वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्कात माफी वगैरे. ही पट्टी वरच्या बाजूनं मात्र आंधळी आहे. सोळा आणे पिकलं, की तलाठ्याचं काम संपलं. त्यानंतर त्या सोळा आण्यांना बाजारात चार आणे आले, तर ते कोणत्याही रकान्यात बसत नाही.

अगदीच शब्द नाहीत असं नाही, वाक्प्रचार आहेत. 'पैशाला पासरी' घ्या. पासरी म्हणजे पाच शेर. एका पैशाला पाच शेर माल मिळू लागला की तो माल पैशाला पासरी झाला. आज आपण हे माणसांबद्दल म्हणतो : असे इंजिनिअर पैशाला पासरी मिळतात. 'पायलीचे पन्नास'ही तसंच. पण हे बोलतोय कोण, ते बघा. ज्याच्या हातात पैसा आहे तो. ज्यानं पाच शेर पिकवून एक पैसा घेतला, त्याच्या तोंडचा हा वाक्प्रचार नव्हे. स्वस्ताई हा शब्दही घेणाऱ्याचा आणि महागाई ही शिवीही घेणाऱ्याचीच. सुकाळाच्या सगळ्या शब्दांना पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या माणसाचा वास आहे. मी आता पुण्यात राहते, त्यामुळे हे शब्द माझेच आहेत. कांदा दहा रुपये किलो झाला की मीही म्हणते, बरं झालं, उतरला बाई एकदाचा. आणि मग जीभ चावते.

विकणाऱ्याच्या बाजूची म्हण मला एकच सापडली : पिकतं तिथे विकत नाही. तीही आपण भलतीकडेच वापरतो, गावात मान न मिळालेल्या कीर्तनकारासाठी वगैरे. पण शब्दशः वाचली तर ती बाजारपेठेचा पहिला धडा आहे. जिथे घरटी कांदा आहे, तिथे कांदा कोण विकत घेणार? किंमत जन्मते ती जिथे पिकत नाही तिथे, आणि मधे असतो रस्ता. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल निघाली, ती या म्हणीवरचाच एक उतारा होती. न्हावाशेवाच्या बंदरातून कांद्याचे कंटेनर दुबईला, कोलंबोला, मलेशियाला जातात, तेही तेच.

पण रस्ता बंद करता येतो. इथे सहावी ईति येते. २०२३ हे एकच साल बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा इतका पडला की सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून अधिक कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती सगळी वजावट जाऊन दोन रुपयांचा चेक आला. येवल्याकडे एकानं उभ्या कांद्याची होळी केली. राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे मार्चमध्ये कांदा अति होता. १९ ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्यातच बंद केली, कारण आता कांदा कमी होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला. अति आणि कमी यांच्यात नऊ महिन्यांचं अंतर. तात्यांनी या काळात काही वेगळं केलं होतं का? दीड एकर. दरसालचंच.

पुस्तकातल्या वाक्यात 'उत्पादन' असं एका दमात म्हटलं आहे, जणू कांदा नावाची एकच वस्तू वर्षभर एका गिरणीतून बाहेर पडते. आमच्याकडे तीन कांदे आहेत. पावसाळ्यात लावलेला पोळ, तो लाल, दिवाळीच्या आगेमागे निघतो. त्यानंतरचा रांगडा, जानेवारी ते मार्च. आणि थंडीत लावून उन्हाच्या तोंडी काढलेला उन्हाळ. यात टिकतो फक्त उन्हाळ. कांदा साठवायच्या चाळीत हवा खेळती राहिली, डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे आलेले वेचून काढले, पाऊस आत शिरला नाही, तर तो चार-पाच महिने राहतो. घट धरावी लागते, पण राहतो. लाल कांदा आणि रांगडा थांबत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत विकायचा, नाहीतर उकिरड्यावर. त्यामुळे 'अति' जे काही होतं ते वर्षाचं नसतं, सहा आठवड्यांचं असतं. फेब्रुवारीत ऊन अचानक तापलं, सगळ्यांचे कांदे एकदम तयार झाले, सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच आठवड्यात आवारात उभे राहिले. तेवढाच कांदा चार महिन्यांत सुटासुटा आला असता, तर सातव्या प्रकरणातलं ते वाक्य लिहिण्याची वेळच आली नसती.

आणि थोडंसंच जास्त झालं तरी भाव थोडासाच का पडत नाही? याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. कांदा निम्म्या भावात आला म्हणून मी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. पोट ताणत नाही. उलट महाग झाला तरी फोडणीपुरता लागतोच, म्हणून टंचाईत तो आकाशाला भिडतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग नावाच्या माणसाच्या नावावर एक हिशेब सांगितला जातो : धान्य एक दशांशानं कमी पिकलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, निम्मं पिकलं तर भाव दुप्पट-तिप्पट नव्हे, साडेपाच पट होतो. हीच शिडी उलटी उतरायची. दहा टक्के जास्त कांदा आला, तर भाव दहा टक्क्यांवर थांबत नाही, पार तळाला जातो. म्हणजे सोळा आण्यांपेक्षा चौदा आणे पिकलं, तर गावाच्या हातात जास्त पैसा येतो. हे गणित ज्यांनी पहिल्यांदा मांडलं त्यांना ते मजेदार वाटलं असेल.

याच प्रकरणात पुढे एक चौकट आहे. 'जाणून घ्या.' तीत लिहिलंय की फ्रान्सच्या झां-बातिस्त से या अर्थतज्ज्ञानं १८०३ मध्ये सांगितलं, सर्व वस्तूंचं मिळून अतिउत्पादन होऊच शकत नाही, कारण प्रत्येक उत्पादन दुसऱ्या कशाची तरी मागणी असतं. सिस्मोंदी या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं पुढे याला विरोध केला. मुलांना यातलं काय कळेल ते असो. मी त्या चौकटीत ब्राझीलची कॉफी घालायला सुचवलं आहे : १९३१ ते १९४४ या काळात ब्राझीलनं जवळजवळ ७ कोटी ८० लाख पोती कॉफी जाळली, बुडवली, नष्ट केली. निदान जाळलेल्या कॉफीचा वास तरी मुलांच्या लक्षात राहील.

पण इतक्या लांब जायलाही नको. तूरडाळ आठवा. २०१५ मध्ये ती २०० रुपये किलोवर गेली. लग्नातल्या वरणावर विनोद झाले. मग डाळी लावा, डाळी लावा असा घोष झाला. २०१६ ला पाऊस बरा झाला. लोकांनी तूर लावली आणि महाराष्ट्रात आदल्या वर्षीच्या चौपटीहून जास्त तूर झाली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल. खुल्या बाजारात त्याहून बराच कमी. मग सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि खरेदी थांबली ती कशानं? बारदाना नाही म्हणून. तूर भरायला पोती नव्हती. राज्यभर जो शब्द अर्थशास्त्राचा म्हणून उच्चारला जात होता, तो प्रत्यक्षात रिकाम्या गोणपाटाचा प्रश्न होता. आदल्याच जुलैत मोझांबिककडून वाढत्या प्रमाणात डाळी घेण्याचा करार झाला होता, तोही चालूच होता. मग यात अति काय होतं? मराठवाड्यातली तूर, की बंदरावर उतरणारी? त्या उन्हाळ्याच्या शेवटी, १ जून २०१७ ला, पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तात्या तेव्हा म्हणाले होते, मालाला उठाव नव्हता, आता माणसांचा झाला.

एवढं लिहिलं तरी मला तात्यांच्या बाजूनं सगळा निकाल देता येत नाही. काही पिकांत खरोखर अति होतं आणि ते आपण करतो. ऊस. हमखास भाव, कमी कटकट, आणि साखर कारखान्याच्या सभासदत्वाचा तोरा. पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या तालुक्यातही ऊस उभा राहतो. २०२१-२२ च्या हंगामात गाळप जूनपर्यंत चाललं, तरी मराठवाड्यात ऊस उभाच होता. लांबच्या कारखान्याला नेण्यासाठी वाहतुकीचं अनुदान द्यावं लागलं. तिथे शब्द कोणता वापरला? अतिउत्पादन नाही. 'अतिरिक्त ऊस'. उसाला राजकीय वजन आहे म्हणून त्याला हा मऊ शब्द मिळाला, असं मला वाटतं. अति म्हणजे मर्यादा ओलांडलेला. अतिरिक्त म्हणजे नुसता उरलेला, कुठेतरी सामावून घेण्याजोगा. शाळेत पटसंख्या घटली की शिक्षकही अतिरिक्त ठरतात आणि त्यांचं समायोजन होतं. कांद्याचं समायोजन झालेलं मी ऐकलेलं नाही.

साम्यवादी मंडळींनी 'वरकड' हा जुना देखणा शब्द उचलून वरकड मूल्य असा केला. खरं तर वरकड हा शब्द या सगळ्या भानगडीला शोभला असता. गरजेवर जे उरलं ते वरकड. त्यात ना ठपका, ना हळहळ. पण आता तो लाल झेंड्याखालून परत आणणं कठीण.

दुधाच्या धंद्यानं मात्र बाजी मारली आहे. दूध संघाच्या कागदपत्रांत दोन शब्द असतात : पुष्टकाळ आणि कृशकाळ. हिवाळ्यात जनावरं वेतात, चारा ओला असतो, दूध वाढतं, तो पुष्टकाळ. उन्हाळ्यात आटतं, तो कृशकाळ. कोणी घडवले हे शब्द, त्याला माझा दंडवत. यात जास्त असणं हा गुन्हा नाही, ऋतू आहे. तो येणार हे आधीपासून ठाऊक असतं, म्हणून पावडरीची यंत्रं बसवायची, लोणी साठवायचं, कृशकाळात ते बाहेर काढायचं. नाव नीट ठेवलं की व्यवस्था सुचते, असं एखाद्या भाबड्या क्षणी वाटून जातं. पण पावडरीचेही डोंगर होतात. २०१८ च्या जुलैमध्ये दुधाचे टँकर रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा गोदामं पावडरीनं भरलेली होती. आमच्याकडच्या जुन्या माणसांना पुष्टकाळात संकलनाला सुट्टी दिल्याचे दिवस आठवतात. सुट्टी डेअरीला. गाईला कोण सांगणार?

आणि कारखान्यात शर्ट जास्त शिवले गेले तर आपण त्याला काय म्हणतो? सेल. पन्नास टक्के सूट, पताका, गाणी. यंत्राची एक पाळी बंद करता येते, शर्ट पुढल्या दसऱ्यापर्यंत खोक्यात थांबतो. म्हणून तिथे जास्तीचा सण होतो.

घरात जास्तीचं काय करायचं हे बायकांना नेहमीच कळत होतं. कोकणात फणस उरला की फणसपोळी, आंबा उरला की साठं, कोकमाची आमसुलं; आमच्या घरी वालाचे सांडगे, वाळवलेली मेथी, कैरीची लोणची. वाळवायचं, खारवायचं, मुरवायचं. गच्चीवरच्या जुन्या लुगड्यावर पसरलेलं हे सगळं अतिउत्पादनच होतं, पण आई त्याला बेगमी म्हणायची. कांदा वाळवण्याचे कारखाने गुजरातेत महुव्याला ओळीनं आहेत. आमच्या कांद्याच्या पट्ट्यात, जिथे घरटी चाळ आहे, तिथे त्यांची तशी ओळ का नाही, हा प्रश्न मी तात्यांना दोनदा विचारला आहे. दोन्ही वेळा त्यांनी पावसाचा विषय काढला.

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीची कर्जाची पासबुकं, आणि तारेत ओवलेल्या बाजाराच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या. एक पट्टी सुटी होती. साल वाचता येत नाही, शाई उडाली आहे, पण मी सातवीत असेन. त्या साली मला सहलीला जायला नाही म्हटलं होतं, ते त्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका चिठ्ठीवरून लागलं. वजन १८ क्विंटल ४० किलो. भाव ९० रुपये. एकूण १,६५६. त्यातून आडत म्हणजे अडत्याची दलाली, हमाली, तोलाई, वाराई मिळून १६६ वजा. तेव्हा आडत शेतकऱ्याच्याच माथी असायची, ती खरेदीदाराकडे गेली २०१६ मध्ये. खाली पेन्सिलीनं वडिलांचं अक्षर : गाडीभाडं ७००. बाकी ७९०. खत, औषध, लागवडीची मजुरी, काढणीची मजुरी यातलं काही त्यांनी मांडलेलं नाही. मांडायचं टाळलंच असणार.

सातव्या प्रकरणात त्या वाक्याच्या खाली आलेख आहे. किंमत घसरली की उत्पादक पुढल्या हंगामात उत्पादन कमी करतो, रेषा डावीकडे सरकते, समतोल साधतो. आलेख सुबक आहे, बाणसुद्धा नीट काढले आहेत.

मी पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला त्याच पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. पहिली, सोसायटीचा हप्ता आणि त्यापुढे एक आकडा, दोनदा अधोरेखित. दुसरी, पुढल्या सालच्या उळ्याची, म्हणजे कांद्याच्या बियाण्याची. 'उळं – ३ किलो' असं लिहून त्यांनी ३ वर काट मारली होती, आणि शेजारी ५ लिहिले होते.